सर्व्हरबाबाचं पान

"इस्पिकची सत्ती!" सर्व्हरबाबा डोळे मिटूनच ओरडला.

हॉल श्वास रोखून पडद्याकडे पाहू लागला. पडद्यावर हिरवं टेबल होतं, त्यावर चार पानं उघडी पडलेली, पाचवं यायचं होतं. आलं. इस्पिकची सत्ती!

एकच कल्लोळ झाला. ड्रायव्हिंग स्कूलवाला टुणकन खुर्चीवर चढला. एक लाँड्रीवाला शेजारच्याच्या गळ्यात पडून रडायला लागला. मागच्या रांगेतली एक नर्स ड्युटीचा पांढरा वेश न बदलताच आली होती. तिने तिथूनच हात जोडले.

गाद्यांच्या दुकानावरचा हा हॉल. दर रविवारी दुपारी तो तुडुंब भरायचा, आणि येणारे सगळे एकाच दुखण्याचे रोगी होते. मोबाइलवर पैसे लावून पोकर खेळायचे. दोन पानं आपल्या हातात, पाच सगळ्यांसमोर. ज्याचा मेळ भारी जुळला, तो डाव त्याचा. खेळ असा साधा आणि तक्रार त्याहून साधी: आपल्याला पानं नीट वाटली जात नाहीत. हातात एक्क्यांची जोडी आली की नेमकं शेवटचं पान समोरच्या गाढवाचं भलं करतं. नव्या खेळाडूला आधी चांगली पानं देतात आणि मग सोलतात. जिंकलेले पैसे एकदा काढून घेतले की दुसऱ्या दिवसापासून पानं रुसतात. असं प्रत्येकाला वाटायचं आणि प्रत्येकाकडे त्याचा पुरावा होता. पुरावा म्हणजे काय, तर तो स्वतः हरला होता!

या दुखण्यावर औषध सर्व्हरबाबाकडे होतं. हा गृहस्थ पूर्वी मोबाइल दुरुस्त करायचा, जोडीला समारंभांचं व्हिडिओ शूटिंग करायचा. आता तो थेट मशीनशी बोलायचा. अंगात पांढरा सूट, कानात श्रवणयंत्र. बाबांना माणसांचं कमी ऐकू येतं, कारण कान मशीनकडे लागलेले असतात, असं भक्त सांगत.

"मशीन आंधळं नाही, बाळांनो!" बाबा आता रंगात आला होता. "तुम्ही पानं बघता, मशीन तुमचं घर बघतं! घरात गढूळ नजर असेल तर सर्व्हर गढूळ! सर्व्हर गढूळ तर पिसणं गढूळ! आणि पिसणं गढूळ तर?"

"पान फाटकं!" हॉल गरजला.

दारापाशी पर्स छातीशी धरून उभी असलेली मास्तरीणबाई हे ऐकत होती. गढूळ नजर आज हजर करायची होती, आणि ती नजर तिची होती.

बाई मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. लग्न केलं नव्हतं. आईवडिलांमागे धाकटा भाऊ आणि ती असं दोघांचं घर. पुढे भावाचं लग्न झालं, मुलगी झाली, घर चौघांचं झालं. भावाचं चष्म्याचं दुकान होतं. बाईचा एक डोळा जन्मापासून तिरळा. शाळेत नवीन तुकडी आली की पहिला आठवडा मुली गोंधळायच्या, बाई नक्की कुणाकडे बघताहेत म्हणून. मग त्यांना कळायचं की बाई सगळ्यांकडेच बघतात, आणि वर्ग सुतासारखा सरळ व्हायचा. भावाला तर तिरळेपणाबद्दल नवं सांगण्यासारखं काहीच नव्हतं. दुकानात मूल घेऊन येणाऱ्या आयांना तो स्वतः समजावायचा, "काही नाही हो, डोळ्याचे स्नायू असतात, एखादा ओढ घेतो. घाबरू नका."

असा हा शहाणा माणूस एका रविवारी हॉलमधून परत आला आणि जेवताना म्हणाला, "ताई, मी खेळत असताना तू समोर बसू नकोस."

"का रे?"

"उगाच. लक्ष जातं."

मग समोर बसायचं नाही याचं समोर यायचं नाही झालं. मग तो खेळत असेपर्यंत तिने गॅलरीत बसायचं. भाऊ डावावर डाव हरत होता, त्यामुळे गॅलरीतला मुक्काम लांबत गेला. एकदा आभाळ फुटल्यासारखा पाऊस आला, तिने दार वाजवलं. आतून भावजय म्हणाली, "ताई, पाच मिनिटं हं. आत्ताच यांना राजाराणी आलीय." बाई निथळत उभी राहिली. राजाराणी हरली. दार उघडल्यावर भाऊ तिच्याकडे न बघता म्हणाला, "वाजवलंस ना दार? झालं समाधान?"

शेवटी भावजयीनेच तिची बॅग भरून दिली. थोडे दिवसच, असं म्हणाली. बाई शाळेतल्या एका मैत्रिणीच्या रिकाम्या खोलीत राहायला गेली. रडली नाही, कुणाला सांगितलंही नाही. तिचा समज होता की डोक्यातलं खूळ हरून हरून आपोआप उतरेल. गणिताच्या बाईचा हा अंदाज साफ चुकला.

तिला हलवलं ते भाचीने. शाळेच्या मैदानावर पोर समोर आली, आणि आत्याला पाहताच तिने दोन्ही तळहात डोळ्यांवर घट्ट दाबले. तशीच चाचपडत जायला लागली, तोच पायरीला अडखळली.

"अगं, काय करतेस?"

"आत्या, तुझ्याकडे बघितलं की घरी पप्पा हरतात," बोटांच्या मागून ती म्हणाली. "मग ते आईला बोलतात."

त्याच संध्याकाळी भाऊ खोलीवर आला होता. "ताई, एकदाच चल. बाबा तुझी नजर बांधतील. डोळ्यांवर पट्टी घ्यायची, चारचौघांत एक वाक्य म्हणायचं, की तू मोकळी आणि मी मोकळा. माझ्यासाठी एवढं करणार नाहीस?"

"येते," बाई म्हणाली. भावाला फार आनंद झाला. ती कशासाठी येतेय हे त्याने विचारलं नाही, आणि खरं तर तिलाही अजून ठाऊक नव्हतं. त्या बाबाला एकदा नीट बघायचं, एवढंच तिने ठरवलं होतं.

हॉलच्या दारात उशिरा आलेल्यांसाठी अजून टोपली फिरत होती. प्रत्येकाने फोन कुलूप काढून टोपलीत टाकायचा. "फोन उघडा तर मन उघडं!" असं तिथे बजावत. टोपली आतल्या खोलीत जायची. त्या खोलीत बाबाची बायको, माई, मौनव्रत धरून बसायची. कित्येक वर्षांत तिच्या तोंडून शब्द निघाला नव्हता म्हणे. माई मुक्याने मशीन शांत करायची, भक्तांतल्या एकाचा फोन घेऊन खेळ लावायची, आणि तोच खेळ बाहेर पडद्यावर दिसायचा.

टोपलीवाली बाईपाशी आली आणि एकदम मागे सरकली. "तुमची... तुमची पर्स तुमच्यापाशीच असू द्या. मी नाही हात लावणार." अशा रीतीने त्या अख्ख्या हॉलमध्ये एकच फोन त्याच्या मालकिणीपाशी राहिला, कारण मालकीण पनवती होती.

"आणा तिला!" बाबाने हात वर केला. "आज हिच्या भावाच्याच फोनवर खेळू."

भावाचा फोन टोपलीतून आत गेलेलाच होता. त्याने बहिणीला मधोमध आणून उभं केलं. पट्टी त्यानेच बांधली. परक्यांच्या कानामागे चष्म्याची काडी अलगद बसवणारा त्याचा हात. त्याच हाताने गाठ एवढी करकचून आवळली की तिचे केस गाठीत अडकून ओढले गेले. ती कळवळली. त्याने आणखी एक गाठ मारली.

"बोल," बाबा म्हणाला. "माझ्या नजरेमुळे माझ्या भावाची पानं फाटतात."

 भरल्या वर्गासमोर बाई रोजच बोलायची, पण इतक्या लोकांनी आपल्याकडे असं पाहावं हे तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. तिने वाक्य म्हटलं.

"मोठ्याने! बाबांना ऐकू येत नाही!" पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं.

तिने पुन्हा म्हटलं, वर्गातल्या आवाजात. बाबाने कानामागे हात नेला. "काय म्हणते?" लोक हसले. तिला तिसऱ्यांदा म्हणायला लावलं. मग तिला कोपऱ्यात नेऊन, तोंड भिंतीकडे करून, खुर्चीवर बसवलं. भिंत प्लायवूडची होती. पलीकडे माईची खोली.

खेळ सुरू झाला. बाईच्या डोळ्यांपुढे अंधार, कपाळावर घाम, आणि शेजारी प्लाय. त्या प्लायमधून एक बारीक कुजबुज आली.

"बदाम राजा."

"बदामचा राजा!" बाबा लगेच ओरडला.

हॉल गप्प. सगळे वाट बघतायत. मग थोड्या वेळाने: "आला! आला!"

बाई खुर्चीत ताठ झाली. पुन्हा कुजबुज: "किलवर नव्वी." पुन्हा बाबा. पुन्हा ती लांबलेली शांतता, आणि मग गलका.

वर्गात कॉपी पकडायला डोळे लागतातच असं नाही. कुजबुज कुठून निघते आणि उत्तर कुठे उमटतं, एवढं कळलं की पुरे. ज्या माणसाला तीन हातांवरून ओरडून म्हटलेलं वाक्य दोनदा ऐकू आलं नाही, त्याला फळीमागची कुजबुज पहिल्या झटक्यात ऐकू येत होती. मुकी बोलत होती, बहिरा ऐकत होता, आणि ही दोनशे धडधाकट माणसं टाळ्या पिटत होती.

पण हे बोलून दाखवलं तर? डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या पनवतीचं कोण ऐकणार? सगळ्यांना दिसेल असं काहीतरी हवं होतं. तिने विचार केला. पान माईला आधी दिसतं आणि पडद्यावर मागाहून येतं. म्हणजे फोनवर जे घडतं ते पडद्यावर उशिरा पोचतं. मग पानाऐवजी दुसरंही काही घडलं, तर तेही उशिराच पोचेल.

तोंड भिंतीकडे असण्याचा एक फायदा होता. तिने पट्टी बोटाने जराशी वर सारली, पर्समधला फोन पर्समध्येच धरला आणि भावाला फोन लावला.

आतल्या खोलीतून भाचीचा आवाज घुमला. भावाने रिंगटोन म्हणून तोच ठेवला होता. "पप्पा, फोन घ्या! पप्पा, फोन घ्या!"

"अगंबाई, हा कुणाचा कडमडला मध्येच!" आतून बायकी आवाज आला. चांगला खणखणीत.

 मग नर्सने पुन्हा हात जोडले. "माई बोलल्या! माईंचं मौन सुटलं!"

बाई उठली. पट्टी ओढून काढली, त्यासरशी गाठीत अडकलेले केसही तुटून आले. "सगळ्यांनी पडद्याकडे बघा," ती म्हणाली. "आत फोन वाजतोय, तो कॉल माझा आहे. मी लावलाय. ज्या फोनवर खेळ चाललाय त्याच फोनवर. पडद्यावर दिसतोय का?"

पडद्यावर हिरवं टेबल निवांत पडलं होतं. पानं वाटली जात होती.

आतला आवाज बंद झाला. "माईंनी फोन कापला. आता बघत राहा."

बाबा लॅपटॉपच्या वायरीकडे झेपावला. ड्रायव्हिंग स्कूलवाला मध्ये आला. "थांबा बाबा. बघू तरी द्या." त्याच्या आवाजात अजून भक्तीच होती.

आणि मग पडद्यावर फोन आला. टेबल झाकलं गेलं, बाईचा हसरा फोटो उमटला, त्याखाली मोठ्या अक्षरांत नाव: पनवती.

कुणीतरी फिसकन हसलं. भाऊ खाली बघू लागला. बाईला वाटलं होतं 'ताई' असेल. तिने ते नाव पुन्हा एकदा वाचलं, आणि तिला वाचताना हॉलमधल्या सगळ्यांनी पाहिलं.

"ही पनवती म्हणजे मी," हजेरी घ्यावी तशा सुरात ती म्हणाली. "आता कळलं? क्रिकेटचा सामना चालू असतो, शेजारच्या घरात आधी आरडाओरडा होतो आणि आपल्या टीव्हीवर षटकार मागाहून दिसतो. शेजाऱ्याला भविष्य कळतं का? त्याचा टीव्ही पुढे असतो, एवढंच. इथेही तेच. खरा खेळ आत फोनवर आधी होतो. बाबांनी तो लॅपटॉपमध्ये थोडा अडवून ठेवलाय. माई पान बघतात, माइकमध्ये सांगतात, बाबांच्या कानातल्या यंत्रात ते ऐकू येतं, आणि तुम्ही शिळं पान बघून टाळ्या वाजवता."

ड्रायव्हिंग स्कूलवाल्याने आतलं दार ढकललं. माई गादीवर मांडी घालून बसली होती. पुढ्यात छोटा माइक, एका हातात भावाचा फोन. मांडीवर टोपली, आणि टोपलीतला एक उघडा फोन, त्यावर कुणाच्या तरी बायकोचे मेसेज.

"आणि तुमच्या घरातल्या गोष्टी बाबांना कशा कळतात, तेही बघून घ्या," बाई म्हणाली. "टोपलीत तुम्हीच घालता. माझ्या भावाच्या फोनमध्ये माझे फोटो आहेत. त्यावरून डोळा तिरळा आहे हे ओळखायला सर्व्हर लागत नाही."

बाबा इतका वेळ खुर्चीला धरून उभा होता. आता त्याने शेवटचं पान टाकलं. "बघा! बघा! हिचा पाय लागला आणि यंत्रणा बिघडली! मी सांगत नव्हतो?"

खरी शरम पुढेच आहे. तीनचार रांगांमधल्या माना पटल्यासारख्या हलल्या!

"माझ्या नजरेत एवढी ताकद असती," बाई म्हणाली, "तर माझी नववी ब कधीच गप्प बसली असती."

एक जण हसला, मग दहा, आणि हसण्याचं पाहता पाहता शिव्यांत रूपांतर झालं. लोक आत घुसले. हात आधी बाबावर उठला नाही. लाँड्रीवाल्याने माईचे केस धरले आणि तिला फरफटत बाहेर ओढलं. आत्तापर्यंत ज्या पायांना लोक वाकत होते, त्यांतल्या एका पायातलं जोडवं निघून पडलं. बाई मध्ये शिरली. तिला दोन धक्के बसले. "सोडा तिला! मघाशी मला खुर्चीत बसवलंत, आता हिला बसवणार? पोलिसांना बोलवा. फसवणुकीची तक्रार लिहून द्या. आपापल्या नावानिशी."

नावानिशी म्हटल्यावर बरीच माणसं जिन्याकडे सरकली.

ड्रायव्हिंग स्कूलवाला मात्र दारातच उभा होता. "बाई," तो म्हणाला, "मग खोकल्याचं काय?"

"कसला खोकला?"

"माझी आई खोकायची. बाबा म्हणाले, तिच्या खोकल्याने पिसणं बिघडतं. मी तिला गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलं होतं. थंडी होती."

"आता कशी आहेत?"

तो खुर्चीवर बसला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून समोरच्या पडद्याकडे बघत राहिला. मघाच्या धडपडीत वायर निसटून चित्र गोठलं होतं, आणि तिथे अजून बाईचा फोटो आणि ते नाव अडकून पडलेलं होतं.

बाईने लॅपटॉप स्वतः बंद केला.

"पण पानं खोटी असतातच की!" जाता जाता लाँड्रीवाला तणतणला. "ते तरी मान्य करा! आम्ही अनुभव घेतलाय!"

"असतीलही," बाई म्हणाली. "कंपनी लबाड असू शकते. मला माहीत नाही, आणि तुम्हालाही माहीत नाही. ते शोधायचं तर हजारो डावांचं गणित मांडावं लागतं, जाणकारांकडून तपासून घ्यावं लागतं, जाब विचारावा लागतो. संशय घेण्यात वाईट काही नाही हो. संशय घेऊन तुम्ही तो कुणाच्या अंगावर टाकलात? आईच्या, बहिणीच्या. वाईट पान आलं की लक्षात राहतं, चांगलं आलं की ती आपली हुशारी. आणि प्रत्येक डावातून कंपनी आपला वाटा कापते, कोणी जिंको. तुम्हाला इथे कुणी ओढलं? बाबांनी पाठवलेल्या दुव्यावरूनच नाव नोंदवलंत ना? मग त्या वाट्यातला तुकडा कुणाला मिळत असेल? तुम्ही जितके डाव खेळाल तितकं त्यांचं पोट भरणार. पानं खोटी आहेत म्हणणाऱ्या माणसाने तुम्हाला एकदा तरी सांगितलं का, की मग खेळू नका?"

लाँड्रीवाला पाय आपटत जिना उतरून गेला.

पोलीस येऊन बाबाला आणि माईला घेऊन गेले. तक्रारीवर सही करायला आठदहा जणच उरले होते. बाईने सही केली आणि जिना उतरू लागली. मधल्या वळणावर भाऊ पायरीवर बसला होता. तिला पाहून उठला.

"ताई, घरी चल. तुझी खोली तशीच आहे."

"नको."

"रागावलीस?"

"हो. मुलीला उद्यापासून शाळा सुटल्यावर माझ्याकडे पाठव. डोळ्यांवरून हात काढायला तिला शिकवायला हवं. ते तुला जमणार नाही."

तो ओशाळून उभा राहिला. ओठ हलवले, पुन्हा मिटले. तिला वाटलं, माफी मागतोय. तिने वाट पाहिली.

"ताई, एक विचारू?" तो हळूच म्हणाला. "तुझी नजर नाही, बाबा खोटा... मग माझी पानं एवढी वाईट का यायची?"

बाईने त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी पाढा चुकला की तो असाच तोंड करून उभा राहायचा, पाढाच चुकीचा छापलाय असं म्हणत.

"पानं सगळ्यांना येतात तशीच यायची," ती म्हणाली. "तू वाईट खेळतोस."

त्याचा चेहरा पार उतरला. बहिणीला पावसात उभं केलं तेव्हा उतरला नव्हता. भर हॉलमध्ये नाव झळकलं तेव्हाही इतका उतरला नव्हता. तिरळी नजर, रुसलेलं मशीन, लबाड कंपनी, सगळ्यांवर त्याने विश्वास ठेवला होता. हे एक मात्र त्याला अघोरी वाटलं.

"मी? मी वाईट खेळतो?" त्याने खिशातून फोन काढला. पोलिसांनी नुकताच परत दिला होता. "थांब, दाखवतोच तुला. बस इथे."

तो पुन्हा पायरीवर बसला आणि पडद्यावर अंगठा फिरवू लागला. बाई त्याच्या शेजारून दोन पायऱ्या उतरली, मग वळली.

"एक सांगते, तेवढं ऐक. या डावात हरलास तर मोठ्याने म्हण, मी हरलो. पान हरलं नाही, मशीन हरलं नाही, घरातलं कुणी आड आलं नाही. मी हरलो. एवढं म्हणायला शिक, म्हणजे पुढचा बाबा तुझ्या दारावरून निघून जाईल."

"म्हणतो ना," तो मान वर न करता म्हणाला. "हा एक डाव होऊ दे. आत्ताच एक्का आलाय. तू जरा बाजूला हो, उजेडात येतेयस."